हद्द बदलते त्याच दिवशी जबाबदारीही बदलायला हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जनगणनेसाठी देशभरातल्या प्रशासकीय सीमा ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवण्यात आल्या. ३१ मार्च २०२७ पर्यंत आता एकाही गावाची, नगरपरिषदेची किंवा महापालिकेची हद्द हलवता येणार नाही. हिंजवडी-माण पिंपरी-चिंचवडमध्ये घ्यायचे का, पुण्याच्या पूर्वेला दुसरी महापालिका करायची का, कटक मंडळांचा (कॅन्टोन्मेंटचा) नागरी भाग कोणाकडे द्यायचा, या चर्चा तोवर चालूच राहतील. पण गोठल्या आहेत त्या सीमा. कायद्यात दुरुस्ती करायला कोणतीही आडकाठी नाही. कोणतेही विशिष्ट गाव टेबलावर नसताना नियम ठरवले, तर ते कोणाच्या सोयीसाठी केले असा आरोपही होत नाही. म्हणून महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मधील कलम ३ आणि त्याला जोडलेल्या तरतुदी याच मुदतीत बदलाव्यात, अशी आमची मागणी आहे. तिची कारणे पुण्याच्याच अनुभवातून मांडतो.

आधी आजची पद्धत पाहू. कलम ३ खाली शासन महापालिकेशी विचारविनिमय करते, प्रारूप अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध करते, हरकती मागवते, विभागीय आयुक्तांकडून सुनावणी करून घेते आणि अंतिम अधिसूचना काढते. त्या दिवशी गाव शहरात येते. मात्र तेच गाव एकाच वेळी आणखी चार कायद्यांत नोंदलेले असते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ४ खाली ते ‘गाव’ म्हणून जाहीर झालेले असते. जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियमाखाली तिथली शाळा आणि आरोग्य उपकेंद्र चालते. जमीन महसूल संहितेत ते महसुली गाव असते आणि महापालिकेत आल्यावरही तसेच राहते; सातबारा तलाठ्याकडे, फेरफार मंडल अधिकाऱ्याकडे. आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खाली त्या जमिनीचे नियोजन कोणी करायचे, हे वेगळेच ठरते. हद्दवाढीच्या अधिसूचनेत तारीख असते ती फक्त पहिल्या कायद्याची. बाकीचे चार आपापल्या गतीने चालतात. पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो.

पुण्याने हा घोळ पुन्हा पुन्हा पाहिला आहे. १९९७ मध्ये ३८ गावे घेतली. विरोध वाढल्यावर २००१ मध्ये काही पूर्ण आणि काही अंशतः वगळली, २३ उरली. राहिलेल्या भागातील टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे ९७८ हेक्टरांचे आरक्षण आले आणि त्याचा निर्णय २०१५ पर्यंत लांबला. मधल्या अठरा वर्षांत जमिनीवर काय झाले, ते बावधन-वारजे-धनकवडीच्या उतारांवर उभे राहून कोणालाही दिसते. वगळलेल्यांपैकी काही भाग ‘उर्वरित’ या नावाने पुन्हा यादीत आले. २०१४ च्या मे महिन्यात ३४ गावांच्या समावेशाचे प्रारूप निघाले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, मग २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ११ गावे आली आणि ३० जून २०२१ रोजी २३. महापालिकेचे क्षेत्र सुमारे ५१८ चौरस किलोमीटर झाले, राज्यात सर्वांत मोठे. त्यानंतर फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही दोन गावे पुन्हा बाहेर काढून सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्यात आली.

प्रारूप आणि अंतिम निर्णय यांत सात वर्षांचे अंतर पडले, तर त्या सात वर्षांत गावाचे काय होते? ग्रामपंचायतीला ठाऊक असते की आपले दिवस भरलेत. म्हणून मोठी पाणी योजना, मैलापाणी प्रकल्प, रस्तारुंदी यांना कोणी हात घालत नाही. महापालिकेला ठाऊक असते की गाव अजून आपले नाही, म्हणून तीही खर्च करत नाही. बांधकाम मात्र थांबत नाही. उलट शहरात येणार म्हणून जमिनीचा भाव चढतो आणि प्लॉट पाडून विकण्याला जोर येतो. नऱ्हे, आंबेगाव, मांजरी या भागांत सहा मीटर रुंदीच्या गल्लीत पाच-सहा मजली इमारती दाटीने उभ्या दिसतात. अग्निशमन गाडी आत वळत नाही आणि मैलावाहिनी टाकायला खोदावे तर दोन्ही बाजूंचे पाये हादरतात. प्रारूप निघाल्यापासून १८० दिवसांत अंतिम निर्णय झाला नाही, तर प्रारूप आपोआप रद्द व्हावे, ही कायद्यातली पहिली दुरुस्ती हवी. ‘होय’ आणि ‘नाही’ ही दोन्ही उत्तरे गावाला सोसतात. वर्षानुवर्षे लोंबकळत राहणे सोसत नाही.

दुसरा प्रश्न नियोजन प्राधिकरणाचा. २३ गावे ३० जून २०२१ ला महापालिकेत आली आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्यासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची (पीएमआरडीए) नेमणूक झाली. म्हणजे कचरा, पाणी, दिवाबत्ती, रस्ते महापालिकेकडे. विकास आराखडा दुसऱ्या संस्थेकडे. याचा व्यवहारातला अर्थ असा. बांधकाम परवानगी देताना विकास शुल्क घेतले जाते, ते परवानगी देणाऱ्या प्राधिकरणाच्या तिजोरीत जाते. पण त्या इमारतीतल्या दोनशे कुटुंबांना पाणी पुरवायचे, त्यांचे मैलापाणी वाहून न्यायचे, ते दुसऱ्या संस्थेने. परवानगी देणाऱ्याला पाण्याचा ताळेबंद मांडावा लागत नाही आणि पाणी देणाऱ्याला परवानगी रोखता येत नाही. मधला मार्ग म्हणून बांधकाम व्यावसायिकाकडून ‘पाण्याची सोय आम्ही करू’ असे हमीपत्र घेतले जाते. इमारत सोसायटीच्या ताब्यात गेली की ते हमीपत्र फायलीत राहते आणि सोसायटी टँकरवर. नगररचना अधिनियमाच्या कलम ३४ मध्ये हद्दीत नव्याने आलेल्या क्षेत्रासाठी आराखडा करण्याची तरतूद आहेच. तिच्यात एवढेच जोडायला हवे की समावेशाच्या तारखेपासून सेवा देणारी संस्था हीच नियोजन प्राधिकरण असेल आणि आधीच्या प्राधिकरणाने त्या क्षेत्रातून जमा केलेले पण खर्च न केलेले विकास शुल्क ९० दिवसांत वर्ग करील.

पाण्याचा मुद्दा थोडा सविस्तर मांडावा लागेल, कारण तिथे चूक झाली तर माणसे आजारी पडतात. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकापाठोपाठ आढळले. नांदेड, किरकटवाडी, नांदोशी, खडकवासला, धायरी ही नावे तेव्हा रोज छापून येत होती. ही सगळी समाविष्ट गावे आहेत. संशय पाण्यावर गेला आणि लोकांना प्रथमच कळले की खडकवासला धरणाच्या कुशीतल्या या वस्तीला विहिरीतले पाणी, शुद्धीकरण केंद्रातून न जाता, केवळ क्लोरीन मिसळून मिळते. ग्रामपंचायतीच्या काळात काही हजार लोकांसाठी ती व्यवस्था उभी राहिली होती. गाव शहरात आले तेव्हा विहीर, पंप आणि नळजोड जसेच्या तसे महापालिकेकडे आले. लोकसंख्या मात्र कितीतरी पट झाली होती. नुसते क्लोरीन पुरेसे का नाही? पाण्यात गढूळपणा असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्ची पडते आणि नळाच्या शेवटच्या टोकाला उर्वरित क्लोरीन शून्यावर येते. किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर एवढे ते नळाला मिळायलाच हवे. त्यात पाणी दिवसाआड असेल, तर रिकाम्या नळात बाहेरचे सांडपाणी शोषले जाते. आधी गाळणी, मग निर्जंतुकीकरण, हा क्रम सोडून चालत नाही. तेव्हा समावेशापूर्वीच प्रत्येक स्रोताची तपासणी, वाहिन्यांचा नकाशा आणि शुद्धीकरण केंद्रापर्यंत जोडणीचे वेळापत्रक प्रारूप अधिसूचनेसोबत छापण्याचे बंधन कायद्यात असते, तर ही उणीव २०२१ मध्येच कागदावर आली असती.

आता हद्दीच्या वर्णनाकडे येऊ. अधिसूचनेच्या अनुसूचीत हद्द लिहिण्याची जुनी रीत अजून चालू आहे: उत्तरेस अमुक गावाची शीव, पूर्वेस नाला, दक्षिणेस रस्ता. पूर्ण गाव घेतले तर फारसे बिघडत नाही. ‘उर्वरित भाग’ घेताना बिघडते. ज्या गावांत जमिनींचे एकत्रीकरण झाले तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. शेजारच्या गावात सर्व्हे नंबरच आहेत. अधिसूचनेत जुना सर्व्हे नंबर, सातबाऱ्यावर गट नंबर, आणि मधल्या काळात पोटहिस्से पडलेले. उदाहरण घ्या. एका गटाचे चार पोटहिस्से झाले, त्यांतल्या तिघांवर मिळून एक गृहसंकुल झाले आणि हद्द गेली दुसऱ्या व तिसऱ्या पोटहिश्शाच्या मधून. दोन इमारती शहरात. तिसरी इमारत आणि संकुलाचा सांडपाणी प्रकल्प ग्रामपंचायतीत. कर दोन ठिकाणी भरायचा, मतदार यादी दोन ठिकाणी, आणि सांडपाणी प्रकल्प बंद पडला तर तक्रार नेमकी कुठे करायची ते दोन्हीकडे माहीत नाही. नाला ही हद्द धरली असेल तर वेगळी अडचण. वीस वर्षांत नाला वळवलेला, पाइपात घातलेला किंवा अर्धा बुजवलेला असतो. मूळ गावनकाशावर तो एका जागी, प्रत्यक्षात दुसऱ्या. रस्ता असेल तर त्याची डावी कड, उजवी कड की मध्यरेषा, हे लिहिलेलेच नसते. मग दिव्याचे खांब एका संस्थेचे आणि त्याच रस्त्यावरचा कचरा कोणाचाच नाही.

यावरचा उपाय खर्चिक नाही. भूमी अभिलेख खात्याकडे गावनकाशे डिजिटल स्वरूपात आहेत. अधिसूचनेसोबत तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात: भूमी अभिलेख अधीक्षकांनी प्रमाणित केलेला, अक्षांश-रेखांशांसह डिजिटल नकाशा, आत येणाऱ्या प्रत्येक गट, सर्व्हे व पोटहिस्सा क्रमांकाची यादी, आणि हद्द जिथे नाला, नदी किंवा रस्त्यावरून जाते तिथे कोणती रेषा धरली याची नोंद. पोटहिश्शामधून हद्द न्यायचीच नाही, असा नियमही घालावा. मंजूर रेखांकन असलेला भूखंड किंवा गृहसंकुल अखंड एका बाजूला जावे. आणि चूक निघालीच, तर तेवढ्या दुरुस्तीसाठी पुन्हा सगळी प्रक्रिया करायला लागू नये. नकाशा प्रमाणित करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अहवालावर ९० दिवसांत शुद्धिपत्रक काढता यावे.

ग्रामपंचायतीच्या दप्तराचे हस्तांतर हा विषय बाहेरच्यांना किरकोळ वाटतो. पुढची दहा वर्षे तोच छळतो. नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही आणि नमुना ९ म्हणजे कर मागणीची. घर कोणाचे, किती चौरस फूट, कर किती, थकबाकी किती, हे सगळे तिथे असते. नमुना २२ मध्ये स्थावर मालमत्ता, २३ मध्ये रस्ते, २४ मध्ये जमिनी. या वह्या समावेशाच्या दिवशी सीलबंद करून, पानांना क्रमांक घालून, स्कॅन करून ताब्यात घेतल्या नाहीत तर दोन प्रकार घडतात. एक, मागील तारखेने नमुना ८ ला नोंदी घातल्या जातात, कारण जुनी नोंद दाखवता आली की बांधकामाला जुनेपणाचा आधार मिळतो. दोन, नोंद नसलेल्या गावठाणातील मोकळ्या जागा, विहिरींचे काठ, स्मशानाकडे जाणारी वाट, यांवर कोणाचा तरी ताबा बसतो. आणि महापालिकेकडे ती जागा आपली होती असे सांगायला कागद नसतो. समावेशाची चाहूल लागल्यावर होणारी घाईची नोकरभरती हाही त्याच जातीचा रोग. आकृतिबंधाबाहेर, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जास्त, लोक घेतले जातात, मग महापालिका त्यांना सामावून घेत नाही, चौकशी बसते, आणि त्यात वर्षानुवर्षे झाडू मारणारा खरा सफाई कामगारही भरडला जातो. तेव्हा प्रारूप अधिसूचनेच्या दिवशीच वह्यांची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे जमा व्हावी. त्या दिवसानंतरची नवी भरती, ठेवी मोडणे आणि जमीन भाड्याने देणे यांना जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची लेखी संमती लागावी. त्या दिवशी हजेरीपटावर असलेल्या कामगाराची सेवा मात्र कायद्याने सुरक्षित असावी.

शाळा आणि उपकेंद्रांबद्दल थोडक्यात. जिल्हा परिषदेच्या शाळा व आरोग्य उपकेंद्रे इमारत, शिक्षक व कर्मचारी यांच्यासह कधी हस्तांतरित होणार, याची तारीखही त्याच अधिसूचनेत असावी, आणि ती शैक्षणिक वर्षाच्या मध्यावर नसावी.

कराबद्दल लोकांचा राग सर्वांत जास्त आहे, आणि त्यातला बराचसा हिशेब कोणी नीट समजावून न सांगितल्यामुळे आहे. अधिनियमाच्या कलम १२९-अ मध्ये नव्याने आलेल्या भागाचा मालमत्ता कर एकदम न वाढवता वर्षाला वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी पूर्ण दरापर्यंत नेण्याची सोय आहे. हेतू चांगला आहे. अडचण अशी की ग्रामपंचायतीचा कर २०१५ च्या नियमांपासून भांडवली मूल्यावर बसतो आणि पुणे महापालिकेचा वार्षिक करपात्र मूल्यावर, म्हणजे अपेक्षित भाड्यावर. दोन पट्ट्या वेगळ्या, मोजमाप वेगळे. त्यामुळे वीस टक्के नेमके कशाचे, हे करदात्याला बिलावरून उमगत नाही. समावेशापूर्वीचे बिल २,४०० रुपये होते आणि महापालिकेच्या पद्धतीने पूर्ण कर १४,४०० येतो असे समजू. फरक १२,००० चा. पूर्ण कराचे वीस टक्के धरले तर पहिल्या वर्षी २,८८० येतात. जुना कर अधिक फरकाचे वीस टक्के धरले तर ४,८००. दोन अर्थ, दोन आकडे. त्यात बांधकाम अनधिकृत ठरले तर जादा आकारणी, स्वतः राहणाऱ्यांची ४० टक्के सवलत घ्यायची तर पीटी-३ अर्ज भरायचा, आणि गावात नव्याने राहायला आलेल्यांना याची कल्पनाच नाही. कलम १२९-अ मध्ये हिशेबाचे सूत्र उदाहरणासह लिहावे आणि प्रत्येक बिलावर जुना कर, पूर्ण कर, चालू टप्पा आणि पुढच्या चार वर्षांचे आकडे छापण्याची सक्ती करावी. टप्पे सेवांशीही जोडावेत. मैलावाहिनी नसेल तोवर मलनिस्सारण कराचा टप्पा पुढे सरकू नये.

महापालिकेचीही बाजू आहे आणि ती मांडली पाहिजे. जकात व स्थानिक संस्था कर गेल्यावर मिळणाऱ्या जीएसटी भरपाईचा पाया २०१६-१७ च्या उत्पन्नाचा आहे, त्यावर वर्षाला ८ टक्के वाढ. त्या वर्षी ही ३४ गावे महापालिकेत नव्हतीच. म्हणजे खर्चाचे क्षेत्र दीडपटीहून मोठे झाले, आणि भरपाईचा पाया जुन्या शहराचाच राहिला. हद्दवाढीबरोबर हा पाया नव्याने ठरवण्याची तरतूद संबंधित भरपाई कायद्यात केल्याशिवाय, कोणत्याही आयुक्ताला वाघोलीत मैलापाणी प्रकल्प वेळेत उभा करता येणार नाही.

आता प्रतिनिधित्व. ग्रामपंचायतीत किमान ७ आणि कमाल १७ सदस्य असतात. समावेशाच्या दिवशी ते सगळे जातात. २०१७ च्या अकरा गावांना मिळून दोन नगरसेवक मिळाले. २०२१ च्या तेवीस गावांना एकही मिळाला नाही. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक आला, आणि या गावांनी महापालिकेसाठी पहिले मत दिले ते १५ जानेवारी २०२६ रोजी. साडेचार वर्षे नळाला पाणी का नाही, हे विचारायला या वस्त्यांकडे निवडून दिलेला स्थानिक माणूस नव्हता. राज्यघटनेच्या अनुच्छेद २४३-यू मध्ये मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन आहे, पण नव्याने आलेल्या भागासाठी किती दिवसांत निवडणूक घ्यायची हे राज्याच्या कायद्यात स्पष्ट हवे. सहा महिने ही मुदत पुरेशी आहे. तोवर मावळते सरपंच व सदस्य यांची सल्लागार समिती ठेवावी आणि क्षेत्रीय कार्यालयाने तिच्यापुढे दरमहा कामांचा हिशेब मांडावा.

जागांचे गणितही समजून घ्यायला हवे. कलम ५ नुसार तीस लाखांपर्यंत १६१ सदस्य आणि पुढच्या प्रत्येक पूर्ण लाखाला एक. २०११ च्या जनगणनेनुसार समाविष्ट गावांसह लोकसंख्या ३४ लाख ८१ हजार, म्हणून १६१ अधिक ४, एकूण १६५. सदस्यामागे सरासरी २१,१०० लोक. चार सदस्यांच्या प्रभागात सुमारे ८४,४००, आणि दहा टक्के कमी-जास्त धरून ७६ हजार ते ९२ हजार ८००. प्रभाग प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले छोटे भाग) जोडून करायचे असतात, म्हणजे २०११ चे गट. तेव्हा जिथे ज्वारी होती तिथे आज वीस मजली इमारती आहेत. आकडा जुना असल्याने कागदावर समान दिसणारे प्रभाग प्रत्यक्षात समान नाहीत, आणि तोटा हद्दीवरच्या गावांचाच होतो, कारण वाढ तिथेच झाली. २०२७ च्या जनगणनेनंतर दुसरी अडचण येईल. सदस्यसंख्येची कमाल मर्यादा १७५ आहे, ती ४४ लाखांनाच गाठली जाते. त्यापुढे शहर कितीही वाढले तरी सदस्य तेवढेच. कमाल मर्यादा वाढवायची, की २००९ पासून कायद्यात असलेल्या क्षेत्रसभा, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागांतील मतदारांच्या सभा, खरोखर भरवायच्या, हे आकडे हाती येण्याआधी ठरवावे. आमचे मत दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. सभागृहातले सदस्य वाढवण्यापेक्षा पाच हजारांना आपल्या प्रभागातल्या खर्चाचा कागद समोर मिळणे अधिक कामाचे. प्रभाग एक सदस्याचा, तीनचा की चारचा, हे २०१६, २०१९, २०२१ आणि २०२२ मध्ये असे चारदा बदलले. निवडणुकीच्या आधी वर्षभरात ही रचना बदलता येणार नाही, एवढे एक वाक्य कलम ५ मध्ये आले तरी न्यायालयीन लढाया निम्म्या होतील.

शेवटी, बाहेर पडण्याची प्रक्रिया. गाव आत घेण्याचे नियम अपुरे आहेत, बाहेर काढण्याचे तर जवळपास नाहीतच. फुरसुंगी-उरुळी देवाची बाहेर पडण्याचा निर्णय ज्या काळात झाला त्या काळात महापालिकेत प्रशासक होते. कलम ३ मधला ‘महापालिकेशी विचारविनिमय’ म्हणजे शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याशी शासनाचा पत्रव्यवहार. त्या गावांच्या तक्रारी खऱ्या होत्या. शहराचा कचरा त्यांच्या शिवारात १९८० च्या दशकापासून येत आहे. तरीही प्रश्न उरतातच. महापालिकेने तिथे घातलेल्या जलवाहिन्या कोणाच्या? वसूल न झालेला कर कोणाचा? महापालिकेने आखलेल्या नगररचना योजनांतील अंतिम भूखंड कोण वाटणार? कचरा प्रकल्पाच्या भोवतालच्या भूजलाची जबाबदारी किती वर्षे कोणावर? या प्रत्येकाचे उत्तर अधिसूचनेच्या जोडपत्रात, रकमेसह, असायला हवे. निवडून आलेले सभागृह नसताना हद्द वाढवण्याचा किंवा घटवण्याचा निर्णय घेता येणार नाही, आणि ग्रामसभेचा ठराव मिळाल्याशिवाय प्रारूप काढता येणार नाही, ही दोन कलमे आत येण्याला आणि बाहेर जाण्याला सारखीच लागू करावीत. ठराव विरोधात गेला तरी शासनाला पुढे जाता यावे, पण कारणे लेखी देऊनच.

वेळापत्रकही अशक्य नाही. पावसाळी अधिवेशनात विधेयक मांडून ते संयुक्त समितीकडे द्यावे. समितीने पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर अशा हद्दवाढीचा वाद असलेल्या शहरांत सुनावण्या घ्याव्यात, त्याही समाविष्ट किंवा प्रस्तावित गावांत. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजुरी मिळाली तर नियम आणि अधिसूचनेचा नमुना तयार करायला जानेवारी ते मार्च असे तीन महिने मिळतात. जोडपत्राचा नमुना भूमी अभिलेख, पाणीपुरवठा, शिक्षण आणि नगरविकास या चार खात्यांनी एकत्र बसून करावा. सीमा खुल्या होतील त्या १ एप्रिल २०२७ पासून येणारे प्रत्येक प्रारूप त्याच नमुन्यात असावे. आमचा कलमवार मसुदा पुणे जिल्ह्यातील आमदारांना देण्याची आमची तयारी आहे. आपल्या वृत्तपत्राने २०१७ आणि २०२१ च्या समाविष्ट गावांची गाववार स्थिती, म्हणजे पाण्याचा स्रोत, मैलावाहिनी, आराखडा, शाळेचे हस्तांतर, अशी चार रकान्यांत छापली, तर आमदारांपुढे ठेवायला त्याहून चांगला कागद मिळणार नाही.

आपले,
समाविष्ट गावांतील काही रहिवासी, नगररचनाकार व निवृत्त भूमापक
सिंहगड रस्ता, पुणे